रद्दीतल्या मथळ्यांचं पुढे काय झालं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

रेडिओ ऐकत भाकऱ्या थापणाऱ्या, काजू सोलणाऱ्या आणि ‘जरा आवाज वाढव गो’ असं सुनेला सांगणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना आम्हां गणपतीपुळ्याच्या बायांचा नमस्कार.

आम्ही म्हणजे एका बचत गटाच्या दहा-बारा जणी. देवदर्शनाला आणि समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना आमसुलं, कोकम सरबत, आंबापोळी, फणसपोळी विकतो. आमचा आणि वर्तमानपत्राचा संबंध फार जुना. वाचायचा नव्हे हो, पुडी बांधायचा! खाण्याच्या वस्तू छापील कागदात बांधू नका, शाई पोटात जाते, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ साली सांगितलं आणि २०२३ साली पुन्हा बजावलं. आम्ही दुसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकायची सवय आहे कुणाला?

पुड्या बंद झाल्या आणि रद्दी साठत गेली. एका सभासद बाईच्या पोटमाळ्यावर गठ्ठ्यांवर गठ्ठे. काही तर तिच्या सासऱ्यांच्या वेळचे, सुतळीनं बांधलेले. वाळवी लागायच्या आत विकून टाकू म्हणून रद्दीवाल्याला बोलावलं. त्यानं काटा टांगला. आणि आमच्यातल्या एकीनं वरचा कागद उचलून मोठ्यानं वाचला, ‘यंदा गणपतीपूर्वी महामार्गावरचे सर्व खड्डे बुजणार.’ म्हटलं, कुठल्या वर्षाचा कागद? तारखेचा कोपराच फाटलेला. मग काय, वाद सुरू. कुणी म्हणे २०१४, कुणी म्हणे २०१९, कुणी म्हणे अगो कालचाच असेल. पुरावा काहीच नाही, कारण ही बातमी दरवर्षी येते.

रद्दीवाल्याचा चहा दोनदा झाला. तिसऱ्यांदा तो स्वतःच म्हणाला, ‘ताई, मी उद्या येतो.’ आणि आम्ही पसरून बसलो. एक बातमी वाचायची आणि एकमेकींना विचारायचं, बरं, पुढे काय झालं? जिथं कागद नव्हता तिथं आमच्या थोरल्या आज्या-काकवा होत्या. त्यांच्या डोक्यातलं कात्रण कुठल्याही वाळवीला दाद देत नाही.

तर आज तीच गंमत तुम्हांला सांगायची आहे. गंमत सांगता सांगता एक गोष्ट अशीही निघाली, की आमचं हसू थांबलं. तीही सांगणार आहोत. पण ती शेवटाकडे.

आधी एक अभिमानाची गोष्ट. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’, ते सुरू केलं आपल्या कोकणच्या माणसानं. बाळशास्त्री जांभेकर, देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ हा त्याचा पहिला दिवस, म्हणून ६ जानेवारीला आपण पत्रकार दिन पाळतो. आणि मराठीतला सगळ्यांत गाजलेला मथळा लिहिला तोही रत्नागिरीत जन्मलेल्या माणसानं. ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ १८९७ साली, पुण्यात प्लेगच्या नावाखाली घराघरांत जुलूम झाला त्यानंतर, लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’त हा प्रश्न विचारला. त्याच साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षाही झाली. सव्वाशे वर्षं उलटून गेली. ते सरकार गेलं, दुसरी आली-गेली, प्रश्न मात्र अजून चांगला टिकून आहे. विजेचं बिल हातात आलं की आमच्या घराघरांत तो विचारला जातो.

आता जग बुडण्याच्या बातम्या घेऊ. आमच्या हिशेबानं जग निदान दोनदा बुडालं.

पहिल्यांदा फेब्रुवारी १९६२ मध्ये. ३ ते ५ तारखेला मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, त्याला म्हणायचे अष्टग्रही. देशभर होमहवन, जपजाप्य. आमच्या गटातल्या सर्वांत थोरल्या काकी तेव्हा लहान मुलगी होत्या. त्या सांगतात, त्यांच्या आजीनं साठवणीची लोणच्याची बरणी काढली. जग बुडणार तर लोणचं ठेवायचं कुणासाठी? सगळ्यांना मनसोक्त वाढलं. ६ तारीख उजाडली. जग होतं तिथंच होतं. बरणी रिकामी होती. पुढचा आंबा हाती येईपर्यंत घरातल्या माणसांनी भाताशी काय खाल्लं, ते कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नाही.

दुसऱ्यांदा जुलै १९७९ मध्ये. तेव्हा स्कायलॅब पडणार होती. अमेरिकेनं आकाशात सोडलेली ती एक प्रयोगशाळा, वजन सत्तर टनांच्या वर, आणि ती नेमकी कुठं पडेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणालाच सांगता येत नाही म्हटल्यावर आपल्याच डोक्यावर पडणार, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं. आषाढातले दिवस. श्रावण पाळायच्या आधी लोक कोंबडी खातातच, त्यात हे निमित्त. मरायचंच आहे तर खाऊन मरू! काकी सांगतात, त्यांच्या वाडीत खुराडीच्या खुराडी रिकामी झाली.

११ जुलैला स्कायलॅब पडली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात विखुरले. तिथं एस्परन्स नावाचा गाव आहे. तिथल्या स्थानिक पंचायतीनं काय करावं? उघड्यावर कचरा टाकला म्हणून अमेरिकेच्या अंतराळ संस्थेला ४०० डॉलरचा दंड ठोकला! दंड अर्थात भरला नाही कुणी. तीस वर्षांनी, २००९ साली, अमेरिकेतल्या एका रेडिओ निवेदकानं आपल्या श्रोत्यांकडून वर्गणी काढून तो भरला. बघा, रेडिओ ऐकणारी माणसं मनावर घेतील तर काय काय होतं.

त्या दंडातला एकही डॉलर आमच्या काकींच्या कोंबड्यांना मिळाला नाही. स्कायलॅबनं आमच्या वाडीत मेल्या त्या फक्त कोंबड्या. गंमत खरी, पण जरा हिशेब करा. खुराड्यातली कोंबडी म्हणजे घरातल्या बाईची स्वतःची कमाई. चार अंडी विकून ती मुलाची पाटी घ्यायची, मीठ-मिरची आणायची. घाबरले सगळे, पण भुर्दंड पडला तिच्या पदराला. अफवेचं असंच असतं. ती उठते कुठंतरी लांब आणि पैसे जातात आपल्या डब्यातले.

तिसरी बातमी आमच्या देवाची. म्हणजे आमच्या पुळ्याच्या देवाची नव्हे, पण गणपतीचीच. २१ सप्टेंबर १९९५. सकाळी दिल्लीत म्हणे मूर्ती दूध प्यायला लागली आणि दिवस मावळायच्या आत देशभर, परदेशांतल्या देवळांतसुद्धा चमचे घेऊन रांगा. घरोघरचे गणपती तर भाद्रपदात विसर्जन होऊन गेले होते, पितृपक्ष चालू होता. आमच्या गावात तर परंपरेनं घरोघरी मूर्ती आणतच नाहीत, डोंगराच्या पायथ्याचा स्वयंभू गणपती तोच सगळ्यांचा. तरी त्या दिवशी पितळेचा, मातीचा, काचेच्या कपाटातला, जो मिळेल त्याला लोकांनी दूध पाजलं.

शास्त्रज्ञांनी रंग घातलेलं दूध वापरून दाखवून दिलं, की दूध आत जात नाही. चमच्याच्या काठाला आलेलं दूध ओल्या दगडाला चिकटतं, पातळ धार होऊन अंगावरून खाली उतरतं. याला पृष्ठताण म्हणतात. रद्दीत ही बातमी सापडली तेव्हा आम्ही तिथल्या तिथं प्रयोग केला. पाट्यावरचा वरवंटा उभा धरला, ओला केला, चमचाभर दूध लावलं. वरवंटा घटाघटा प्यायला! आमच्यातली एक म्हणाली, ‘आता याला रतीब लावू या.’ पण काकी काय म्हणाल्या ते ऐका. ‘देवाला दूध नको होतं गो. त्या दिवशी वाडीतल्या पोरांना बिनदुधाचा चहा मिळाला, ते देवाला दिसलंच असेल.’ श्रद्धा असावी ती अशी, डोळे उघडे ठेवलेली.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे वर्तमानपत्रातलं सगळं थोतांड. नाही. आणि इथंच आमची एक मोठी चूक झाली होती, ती कबूल करायला हवी. जग बुडायच्या बातम्यांना एकदा हसलं की माणूस वादळाच्या इशाऱ्यालाही हसायला लागतो.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं. दिवाळी उलटून गेलेली, पावसाळा संपला असं सगळे धरून चाललेले, होड्या समुद्रात. ११ तारखेला वाऱ्यानं किनारा झोडपला. आमच्या जिल्ह्यातल्या नौका बुडाल्या, माणसं गेली. किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बघत बसलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. त्याबद्दल विनोद होत नाही. नंतर ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा इशारा आधीच गावागावांत पोचला होता. वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. आपल्या जिल्ह्यात दापोली, मंडणगडकडे घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पण होड्या किनाऱ्यावर होत्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा तर आम्हीच घरोघर जाऊन सांगत होतो, कौलं बघा, कागदपत्रं प्लास्टिकात गुंडाळा, माणसांना समुद्रावर पाठवू नका.

मग स्कायलॅब आणि वादळ यांतला फरक ओळखायचा कसा? आम्ही तीन प्रश्न ठरवले. हे सांगितलं कोणी? कधी सांगितलं? आणि करायचं काय ते सांगितलंय का? हवामान खातं तारीख सांगतं, जिल्हा सांगतं, पिवळा, नारिंगी, लाल असा रंग सांगतं आणि काय करायचं तेही सांगतं. अफवा फक्त ‘घाबरा आणि पुढे पाठवा’ एवढंच सांगते. कागद गेला आणि मोबाइल आला, तरी अफवेची ही खोड गेलेली नाही.

आता आनंदाची बातमी. ‘कोकणात रेल्वे येणार!’ हा मथळा इतक्या पिढ्यांनी वाचला, की ‘रेल्वे येईल तेव्हा’ म्हणजे ‘कधीच नाही’ असा अर्थ झाला होता. लग्नाचं वय टळलेल्या मुलाला म्हणायचे, ‘याची रेल्वे कधी येणार?’ आणि ती आली की हो! १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ निघालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. डोंगर पोखरले, दऱ्या ओलांडल्या. आपल्या रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आणि पानवलचा पूल ६४ मीटर उंच. २६ जानेवारी १९९८ पासून रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग खुला झाला.

तेव्हाचे अंदाज आज वाचायला मजा येते. गाड्या सुरू झाल्या की मुलं गावातच थांबतील, असं पुष्कळांनी लिहिलं होतं. मुलं थांबली नाहीत. उलट आधी रात्रभर एसटीनं मुंबईला जायची, ती आता लवकर पोचायला लागली! गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण दोन मिनिटांत संपतं, हा एक नवा वार्षिक मथळा तेवढा मिळाला. पण जे कुणीच छापलं नव्हतं तेही झालं. पाहुणे आले. रत्नागिरीला उतरायचं आणि तासाभरात पुळ्याला. त्यांना राहायला खोली हवी, सकाळी घावणे हवेत, दुपारी उकडीचे मोदक हवेत. आयुष्यभर ज्या कामाला ‘घरीच तर असते’ म्हणायचे, त्याच कामाचे पैसे मिळायला लागले. रेल्वेच्या कुठल्या बातमीत मोदकाचा उल्लेख होता? आम्ही शोधला. नाही सापडला.

महामार्गाचं मात्र विचारू नका. मुंबई-गोवा रस्त्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली पनवेलच्या बाजूनं सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेल्या मुलांना मिशा फुटल्या. आमच्या गठ्ठ्यात ‘डिसेंबरअखेर पूर्ण’ अशा इतक्या बातम्या निघाल्या, की डिसेंबर महिना कुठल्या वर्षाचा हे विचारायचंच आम्ही सोडून दिलं. त्या कागदांचं वजन केलं तर एखादा खड्डा सहज बुजेल.

आता जरा मोठा मासा. जयगडला फेरीबोटीत बसून पलीकडे तवसाळला उतरलं की गुहागर तालुका. तिथं दाभोळचा वीज प्रकल्प, आपण सगळे त्याला एन्रॉनच म्हणतो. १९९२ साली अमेरिकेच्या त्या कंपनीशी बोलणी झाली. मग निवडणूक आली आणि एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू अशा घोषणा गाजल्या. १९९५ साली सरकार बदललं, प्रकल्प रद्द झाला. १९९६ साली नव्या अटींवर तोच प्रकल्प पुन्हा आला. १९९७ साली वेलदूरच्या कोळणी विरोधात उतरल्या, त्यांनी पोलिसांचा मार खाल्ला. मोठ्या मथळ्यांत कंपनीचं नाव होतं, पुढाऱ्यांची नावं होती. या बायांची नावं शोधायला आतल्या पानांतही भिंग लागलं.

१९९९ साली पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, सुरू झाला. वीज इतकी महाग, की आपल्या वीज मंडळाला ती परवडेना. २००१च्या मे महिन्यात प्रकल्प बंद. आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीचंच दिवाळं! म्हणजे एन्रॉन बुडाली खरी, पण अरबी समुद्रात नाही, स्वतःच्या वहीत बुडाली. झालं होतं काय, तर कर्ज दुसऱ्याच कंपन्यांच्या नावावर दडवायचं आणि मुख्य वहीत नफा दाखवायचा.

हे वाचून आमच्या गटाची खजिनदार खो खो हसली. म्हणाली, ‘म्हणजे दोन वह्या! एक बँकेच्या साहेबाला दाखवायची आणि एक खरी. आपल्यात कुणी शंभर रुपयांचा असा घोळ केला तर मासिक सभेत तिचं काय करतो आपण?’ आमच्या गटाला वही नीट लिहायला शिकवायला साधी प्रेरिका आली होती. एवढ्या मोठ्या कंपनीचे हिशेब तपासणारे मोठमोठे लोक होते, आणि तरीही हे झालं. पुढे २००५ साली सरकारी कंपन्यांनी मिळून तो प्रकल्प हाती घेतला. मधली काही वर्षं मात्र खाडीपलीकडे एवढा मोठा वीज कारखाना बंद, आणि राज्यात भारनियमन. त्या काळातल्या बातम्या आम्ही कंदिलाच्या उजेडात वाचल्या असतील.

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग आतली पानं निघाली.

आतल्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत काय असतं? एक नमुना सांगतो. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामपंचायतीत निदान एक तृतीयांश जागा बायकांना. महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. सुरुवातीला लोकांनी काय टिंगल केली! ‘पोळपाट-लाटणं घेऊन येणार का सभेला?’ आमच्या बाजूच्या वाडीत पहिल्या खेपेला असंच झालं. खुर्चीवर नवरा, सहीला बायको. दुसऱ्या खेपेला आलेली बाई मात्र कागद वाचायची. तिनं पहिल्याच सभेत विचारलं, ‘पाण्याच्या टाकीचा खर्च दिसतोय, टाकी कुठं दिसत नाही ती?’ टाकी दिसायला लागली तेव्हा टिंगल बंद झाली.

आणि मग तो कागद निघाला. सप्टेंबर २००५चा. हिंदू वारसा कायद्यात बदल झाला, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाएवढाच हक्क, ९ सप्टेंबरपासून लागू. आपल्या महाराष्ट्रानं तर असा कायदा १९९४ सालीच केला होता, पण त्या वेळी आधी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या होत्या. २००५नं लग्न झालेल्यांनाही घेतलं. बातमी लहानशी, एका जाहिरातीच्या बाजूला. कागदावर लालसर डाग. आमसुलाचे.

आमच्यातली एक तो कागद हातात घेऊन गप्प बसली. तिचं नाव आम्ही सांगणार नाही. २००६ साली तिचे भाऊ आले होते. म्हणाले, ‘आक्का, कागदावर एक सही हवी, जमिनीच्या कामाला.’ भावांवर विश्वास होता, माहेर तुटायला नको होतं. ती गेली, सही केली, अंगठ्याचा ठसा दिला. येताना भावजयीनं साडी-चोळी दिली, ओटी भरली. ते हक्कसोडपत्र होतं. पुढे किनाऱ्याच्या बाजूच्या जमिनींना भाव आला, तिच्या वडिलांची जमीनही विकली गेली, आज तिथं पाहुण्यांसाठी इमारत उभी आहे. आमची ही मैत्रीण त्याच रस्त्यावर टोपली घेऊन बसते.

ती रडली नाही. कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, ‘ज्या कागदात मी आमसुलं बांधत होते, त्याच कागदात माझा वाटा होता गो. दोन्ही दुसऱ्याला देऊन टाकलं.’

थोड्या वेळानं म्हणाली, ‘भाऊ वाईट नाहीत. मागितलं असतं तरी मी कदाचित सोडलंच असतं. पण मी देते आहे, हे मला ठाऊक तरी असायला हवं होतं.’

मैत्रिणींनो, तिच्या या बोलण्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. जग बुडणार ही बातमी तिच्यापर्यंत पोचली. मूर्ती दूध पिते ही एका दिवसात पोचली. तिच्या स्वतःच्या हक्काची बातमी तिच्या हातात होती, तिनं तिची घडी घातली, पुडी बांधली आणि दहा रुपयांना विकली. यात तिचा एकटीचा दोष नाही. आम्ही दहा जणी शेजारी बसून त्याच पुड्या बांधत होतो. वाचता आम्हांलाही येत होतं.

म्हणून एवढं नक्की ध्यानात ठेवा. कुणीही, अगदी सख्खा माणूसही, सही मागत असेल तर म्हणायचं, ‘कागद घरी नेते, वाचून उद्या सांगते.’ उद्या म्हटल्यानं माहेर तुटत नाही. ज्याचं तुटतं ते आधीच तुटलेलं असतं. समजलं नाही तर तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो. उत्पन्न किती आहे हे बाईला तिथं आड येत नाही. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं, की २००५ साली वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. ही बातमी आली ती टाळेबंदीच्या दिवसांत. तेव्हा आपण सगळ्या काढ्याच्या पाककृती वाचत होतो.

तालुक्याला जायचं कसं, असं विचारू नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. ही बातमी मात्र मोठ्या अक्षरांत आली आणि पुरुषमंडळींनीही लक्ष देऊन वाचली. तेव्हापासून आमच्याकडे सातबारा काढायचा असो, बँकेत जायचं असो, औषध आणायचं असो, घरातून एकच आवाज येतो, ‘तू जा, तुझं अर्धं तिकीट!’ सवलत मिळाली प्रवासाची आणि घरातली कामं आली सगळी आपल्या गळ्यात. पण एक सांगतो. फेऱ्या मारून मारून आता तहसील कार्यालयाची कुठली खिडकी कशाची, ते आम्हांला पाठ झालंय. कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. अर्ध्या तिकिटात ही पूर्ण शिकवणी झाली.

तर आता आमच्या गटानं काय केलं ते सांगतो आणि आवरतं घेतो. शंभर पानी एक वही आणली. दर महिन्याच्या सभेत, कर्जाचे हप्ते जमा झाले की, दहा मिनिटं बातमीची. ज्याचा आपल्या घराशी, जमिनीशी, पोरांशी किंवा पोटाशी संबंध आहे अशी एकच बातमी निवडायची. मथळा पहिल्या पानावरचा असला पाहिजे असं नाही, उलट आतली बारीक अक्षरं आधी बघायची. वहीत लिहायचं: तारीख, बातमी काय, सांगितलं कोणी, आणि कधीपर्यंत होणार म्हणतात. खाली चार ओळी कोऱ्या. त्या कोऱ्या ओळींवर सहा महिन्यांनी, वर्षानं लिहायचं, पुढे काय झालं.

खजिनदार म्हणते, हप्ते भरले की नाही हे आपण बायकांना दर महिन्याला विचारतो, मग बोललेलं केलं की नाही हे पुढाऱ्यांना वर्षातून एकदा विचारायला काय हरकत आहे? ग्रामसभेला आम्ही आता ती वही घेऊन जातो. नुसती मांडीवर ठेवतो. उघडायचीही फारशी गरज पडत नाही.

ज्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली, तिच्याकडेच ती वही असते. अक्षर तिचं सुंदर आहे. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी झालं. पाठवणीच्या आधी तिनं मुलीला आणि मुलाला समोरासमोर बसवलं, सातबारा काढून दाखवला आणि सांगितलं, ‘हे असं आहे. घ्या नाहीतर सोडा, पण दोघांनी वाचून.’

ता. क. म्हणावं तसं एक राहिलं. रद्दीवाला. तो दुसऱ्या दिवशी आला, मग आठवड्यानं आला, मग महिन्यानं. दर वेळी आम्ही म्हणायचो, ‘थांब, अजून वाचून व्हायचंय.’ परवा आला तेव्हा त्यानंच विचारलं, ‘ताई, रद्दी राहू दे. माझ्या बहिणीचं एक काम होतं जमिनीचं, त्या वहीत काही लिहिलंय का बघता?’

आम्ही काटा खाली ठेवायला सांगितला आणि चहा टाकला.